रोहितांचा हिवाळा

आज सकाळी गच्चीवर धोबी आला. कपड्यांचं गाठोडं आणणारा नव्हे. करड्या-पांढऱ्या अंगाचा, चिमणीपेक्षा लांबट, शेपटी सारखी वरखाली हलवणारा पक्षी. वाळत घातलेल्या मुगाच्या वड्यांच्या कडेकडेनं तो तुरुतुरु चालला, थांबला, शेपटी हलवली, पुन्हा चालला. मी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि जोरात ओरडले, "आला! आला!" खालच्या अंगणातून शेजारच्या सूनबाईनं विचारलं, "कौन आया, दीदी?"

"खंजन आया!"

हिंदीत धोब्याला खंजन म्हणतात. तिला वाटलं, कोणी पाहुणे आले. बिचारी डोक्यावरचा पदर सारखा करायला लागली.

दरवर्षी माझं असंच होतं. जयपूरचा उन्हाळा मी दात-ओठ खाऊन काढते, पावसाळा इथं येतो न येतो तोच जातो, आणि मग दिवाळीच्या सुमारास एका सकाळी हवेला धार येते. गजकवाले ठेल्यावर तिळाची गजक मांडतात, रजया उन्हात पडतात, आणि बर्फाच्या डोंगरांपलीकडून निघालेले पक्षी आमच्या तळ्यांवर उतरायला लागतात. त्या सकाळी माझं कशातच लक्ष लागत नाही. वर्गात शिकवताना खिडकीकडे डोळे जातात. कानाला सगळीकडून पंखांचे आवाज यायला लागतात. असं वेड लागलं त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. तो हिवाळा मला सतरावं लागलं तेव्हाचा.

तेव्हा बनी पार्कात घरं कमी आणि मोकळी जागा जास्त होती. मोर कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसायचे. बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. सातारा सोडून, दोन-तीन गावं करून आम्ही जयपूरला आलो होतो. मी लहान असतानाच पोलिओनं माझा डावा पाय घेतला. मतलब, पाय जागेवर होता, पण त्यात जीव नव्हता. मांडीपासून घोट्यापर्यंत कॅलिपरच्या लोखंडी सळ्या, त्यांना चामड्याचे पट्टे, खाली जड बूट, काखेत कुबडी. एवढा सरंजाम घेऊन मी चालायची आणि अधूनमधून पडायची. मी पडले की आई रडायची. मी नाही रडायची, ती रडायची. पदराचा बोळा तोंडाशी धरून, आवाज न करता. ते मला बघवायचं नाही, म्हणून मी चालणंच कमी करत नेलं होतं. मॅट्रिक झाले तेव्हा आईनं कॉलेजचा विषय एका वाक्यात संपवला. "घरी बसून बाहेरून परीक्षा दे, पुस्तकं बाबा आणतील." बाबा वर्तमानपत्राआड गप्प बसले. मीही गप्प बसले. व्हरांड्यातली वेताची खुर्ची ही माझी जागा ठरली.

त्या खुर्चीसमोर त्या दिवाळीत मालतीबाई देवधर येऊन उभ्या राहिल्या.

जयपुरातली मराठी घरं दिवाळीत एकमेकांकडे फराळाला जात. मालतीबाई मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मूळच्या अमरावतीच्या, लग्न केलेलं नव्हतं, चारदीवारीत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, एका जवाहिऱ्याच्या हवेलीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायच्या. गळ्यात मंगळसूत्र असावं त्या जागी दुर्बीण लटकलेली. फराळाला येतानासुद्धा!

"काय करून राहिली तू इथं?" त्यांनी मला विचारलं.

"बसलेय."

"ते दिसून राहिलं. पाहते काय?"

"मोर."

"मोर काय, जयपुरात कोणीही पाहते. रविवारी चल, तुला बदकं दाखवते. सैबेरियातून येऊन राहिली आहेत बिचारी, आणि तू बनी पार्कातून येणार नाहीस?"

आई चकल्यांची ताटली घेऊन दारात आली होती. ती हळूच म्हणाली, "तिला चालवत नाही हो."

मालतीबाईंनी चकली मोडली. "बदकं कुठं म्हणतात, चालत या म्हणून? टांग्यानं या, पालखीनं या. त्यांचं काही म्हणणं नाही."

बाबा वर्तमानपत्राआडून खोकले. ते खोकणं नव्हतं, हसणं होतं. आईला ते कळलं, मला कळलं, आणि का कोण जाणे, आई 'नाही' म्हणायची राहून गेली.

असा आमचा रविवारचा कंपू सुरू झाला. कॉलेजच्या मुलींना घेऊन मालतीबाई पक्षी बघायला जायच्याच. पण त्या मुली धावायच्या, किंचाळायच्या, पुढं पळायच्या. रविवारी मात्र ज्यांना कोणी कुठं नेत नाही अशांना त्या घेऊन निघायच्या. हवेलीच्या मालकांची मुलगी चंदा होती, माझ्याच वयाची, जन्मापासून ऐकू न येणारी. आमच्या मागच्या गल्लीतले माथुर मास्टरसाहेब होते. आयुष्यभर शाळेत हिंदी शिकवलं आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यावर घरी बसले. कधी दम्याच्या कोणी आजी यायच्या, कधी पहिलटकरीण असलेली कोणाची सून यायची. टांगा रहीमभाईंचा. मालतीबाईंचा नियम एकच होता: सगळ्यांत सावकाश चालणाऱ्यानं पुढं चालायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागं. बहुतेक वेळा ती मीच असायची. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढं कोणाची पाठ नव्हती. समोर सगळा रस्ता होता!

पहिल्या रविवारची ती सकाळ. आमेरच्या रस्त्यावरचं जलमहालाचं तळं धुक्यानं भरलेलं होतं. पाण्यातला महाल अर्धाच दिसत होता. डोंगरांच्या मागून ऊन येत होतं आणि घोड्याच्या नाकातून वाफा निघत होत्या. मी टांग्यातून उतरायला लागले तर मालतीबाई म्हणाल्या, "बसून राहा. टांग्याला पक्षी भीत नाहीत, माणसाला भितात." रहीमभाईंनी टांगा पार पाण्याच्या काठाशी नेला. धुकं विरत गेलं तसतसे पाण्यावर काळे ठिपके दिसायला लागले. ठिपके हलले. मालतीबाईंनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. आधी नुसतं धूसर पाणी, मग माझाच श्वास काचेवर, आणि मग एकदम, अगदी हाताशी असावं असं, एक काळंभोर पाखरू. कपाळावर पांढऱ्याशुभ्र टिकलीसारखा डाग. त्यानं पाण्यात मुंडी घातली, वर आलं, आणि चोचीवरून थेंब गळला. तो थेंब मला दिसला! एवढ्या लांबून थेंब!

"काय दिसलं?" मागच्या बाकावरून माथुरजींनी हिंदीत विचारलं. मी सांगायला लागले आणि थांबेना. हिंदी-मराठीची खिचडी करत मी टिकली सांगितली, थेंब सांगितला, पाण्यावरची रेघ सांगितली. ते मान एका बाजूला करून ऐकत होते. मध्येच त्यांनी बोट वर केलं. "थांब बेटी. उजवीकडे कोणीतरी शीळ घालतंय." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मालतीबाईंनी दुर्बीण घेऊन तिकडं वळवली आणि आनंदानं मांडीवर थाप मारली. बाणासारख्या लांब शेपटीची तलवार बदकं होती ती, गवताच्या आड, आमच्यापैकी कोणालाच न दिसलेली.

चंदाचं वेगळंच. तिला सगळ्यांच्या आधी दिसायचं. आम्ही दुर्बीण साफ करतोय तोवर तिची कोपरखळी बसलेली असायची. तिच्याशी बोलायचं तर हातांनी, म्हणून आम्ही दोघींनी पक्ष्यांची नावं हातांवर घेतली. कपाळावर बोट टेकवलं की तो टिकलीवाला चांदवा. दोन बोटं काठीसारखी ताठ चालवली की लांब लाल पायांचा शेकाट्या. हाताचा चमचा करून पाणी उपसलं की पसरट चोचीचा थापट्या. टिटवीसाठी चंदा दोन्ही हात कमरेवर ठेवून भांडखोर सासूसारखा चेहरा करायची. टिटवीचं ओरडणं तिनं कधी ऐकलं नव्हतं, पण चेहऱ्यावरून तिनं बरोबर ओळखलं होतं. आम्ही हसून हसून टांगा हलवायचो, घोडा मागं वळून बघायचा.

आठवडाभर मी रविवारची वाट बघायची. सोमवारी गेलेल्या रविवारचं बोलायचं, शुक्रवारपासून येणाऱ्याचं. जेवताना आईला सांगायची, "अगं, चक्रवाक बघितले! अंग असं, भाजलेल्या विटेच्या रंगाचं, आणि जोडीनंच पोहतात." आई म्हणायची, "बरं. भात घे." पण मी पाहिलं होतं, मी बोलायला लागले की तिचा वाढणारा हात थांबायचा.

आणि मग जानेवारीत मी पडले. तळ्याच्या काठावर दव पडून दगड निसरडे झाले होते. माझी कुबडी सरकली आणि मी कपाळावर आपटले. फार काही नव्हतं, भुवईवर खोक पडली. पण रक्त डोळ्यावरून गालावर आलं, आणि त्याच अवतारात रहीमभाईंनी मला घरी आणून सोडलं. आई दारातच होती. पदराचा बोळा तोंडाशी गेला.

"पुरे झालं," ती रात्री बाबांना म्हणाली. "आता नाही जायचं."

तो पुढचा रविवार मी कसा काढला, मला माहीत नाही. टांगा वेळेवर आला. मी खिडकीतून बघत होते. आईनं बाहेर जाऊन सांगितलं की मी येणार नाही. मालतीबाईंनी वाद घातला नाही. टांगा गेला. पण थोड्या वेळानं काठीचा टकटक आवाज आला. माथुरजी टांग्यातून उतरून, भिंत धरत धरत, गल्ली चालून परत आले होते. व्हरांड्यात येऊन ते माझ्या खुर्चीच्या शेजारी, जमिनीवर बसले. आई धावली. "अहो मास्टरसाहब, खाली काय बसता!"

"बहनजी," ते म्हणाले, "तळ्यावर जाऊन मी करू काय? ही सांगते ते मला दिसतं. दुसरे लोक नुसतं नाव सांगतात. 'बत्तख है, मास्टरसाहब.' बत्तख है! बत्तख तर आहेच! ही सांगते की बदकानं मान वळवली तेव्हा हिरवा रंग निळा झाला." "चार वर्षांत मी काही पाहिलं नव्हतं. या हिवाळ्यात पाहिलं."

आई आत गेली. तिनं चहा टाकला. आलं किसायचा आवाज बराच वेळ येत राहिला, जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ. चहाचा पेला माथुरजींच्या हातात देताना ती म्हणाली, "बरं, येईल ती. पण पुढच्या वेळी मीसुद्धा येणार. पाठवायचं आणि दारात उभं राहायचं, हे आता मला जमणार नाही."

पुढची वेळ म्हणजे सांभर.

सांभरचं खारं सरोवर जयपूरहून फार लांब नाही. फुलेऱ्याला गाडी बदलायची आणि पुढं थोडंसं. तिथल्या मिठागरात मालतीबाईंच्या एका विद्यार्थिनीचे वडील अधिकारी होते आणि त्यांनी निरोप पाठवला होता की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले आहेत, जन्मात बघितले नसतील इतके आले आहेत, ताबडतोब या. आईनं पहाटे उठून पुऱ्या केल्या, बटाट्याची भाजी केली, मलमपट्टी, आयोडीन, जुन्या साडीच्या चिंध्या, सगळं पिशवीत भरलं. गाडीत ती माझ्या एका बाजूला आणि ती पिशवी दुसऱ्या बाजूला, अशी मी बंदोबस्तात बसले होते. चंदानं पाठ केलेला नवा शब्द ती मला पुन्हा पुन्हा दाखवत होती: एका हाताची लांब मान, तिच्या टोकाला वाकडी चोच.

सांभरला उतरलो आणि मी हिरमुसले. समोर क्षितिजापर्यंत पांढरं. कुठं पाणी, कुठं चिखल, कुठं मिठाचे ढीग. आणि रोहित? पार पलीकडे, आभाळाच्या कडेला एक गुलाबी रेघ. चालत जायचं तर धडधाकट माणसाची दमछाक व्हावी. मी मालतीबाईंकडे बघितलं. त्या मात्र मिश्कील हसत होत्या.

"पालखी म्हटलं होतं ना मी? ती बघ, येऊन राहिली."

मिठागरातून मीठ वाहायचे छोटे रूळ थेट सरोवराच्या मधोमध बांधावरून गेले होते, आणि त्या रुळांवरून एक ट्रॉली खडखडत येत होती! चार चाकं, वर फळ्या, फळ्यांवर आमच्यासाठी टाकलेली सतरंजी, आणि मागून ढकलणारे दोन दणकट गडी. आम्ही सगळे चढलो. गड्यांनी धावत ढकललं आणि मग दोघे मागं उडी मारून बसले. सुटलो! दोन्ही बाजूंना पाणी, समोर नुसतं आभाळ, तोंडावर खारं वारं. मी आयुष्यात कधी धावले नव्हते. चंदा दोन्ही हात पसरून उभी राहिली, माथुरजी टोपी धरून "और तेज! और तेज!" म्हणत होते, आणि आईनं डोळे घट्ट मिटून माझा दंड पकडला होता. थोड्या वेळानं मी बघितलं तर तिचे डोळे उघडे होते. दंड मात्र तसाच पकडलेला.

रेघ जवळ येत गेली तशी फुटत गेली. तिला पाय आले, माना आल्या. बांध संपला तिथं ट्रॉली थांबली. हजारो असावेत. उलटी मुंडी पाण्यात घालून, नाचल्यासारखे पाय आपटत, चिखल ढवळत सगळे एकाच दिशेनं सरकत होते. बदकांच्या कलकलाटासारखा एक बसका, घोगरा आवाज सगळ्या पाण्यावर पसरलेला.

"सांग," माथुरजी म्हणाले. "गुलाबी म्हणतात. आपल्या शहरासारखे?"

"नाही मास्टरसाहब. शहर गेरूसारखं आहे. हे..." मला शब्द सापडेना. "थंडीत शेकोटीवर हात शेकला आणि मग तळवा बघितला, की कसा दिसतो? तसे."

त्यांनी आपला हात उघडला, चेहऱ्यासमोर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात चंदानं माझा खांदा इतक्या जोरात हलवला की मी पडायचीच. ती वर दाखवत होती. उंच आभाळात एक गरुड. आम्हाला तो नीट दिसेपर्यंत रोहितांनी ओळखला होता. सगळं सरोवर उठलं. दुसरं कसं सांगू? आतापर्यंत पांढरट गुलाबी दिसणाऱ्या त्या थव्यानं पंख उघडले आणि आत लालभडक रंग निघाला, कडांना काळी किनार. आवाज असा की ट्रॉलीच्या फळ्या थरथरल्या. चंदानं फळीवर तळवा टेकला, डोळे मोठे केले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिला ते ऐकू आलं होतं. थवा आमच्या डोक्यावरून वळला, सावल्या आमच्या अंगावरून गेल्या, आणि बांधाच्या दुसऱ्या बाजूला, पहिल्यापेक्षा कितीतरी जवळ, सगळे पुन्हा उतरले. आमच्यात आणि त्यांच्यात नुसता घोटाभर पाण्याचा चिखल.

"मला उतरायचंय," मी म्हटलं.

मालतीबाई मुद्दाम दुसरीकडे बघायला लागल्या. आई म्हणाली, "लोखंड आहे पायाला. मीठ आहे. शिवाय रुतशील."

"हो," मी म्हटलं. "तरी उतरायचंय."

आईनं माझ्याकडे बघितलं, मग रोहितांकडे बघितलं. एक पक्षी मान वर करून आमच्याकडेच बघत होता. मग तिनं चपला काढल्या, साडीचा काठ वर खोचला, माथुरजींच्या हातातली काठी मागून घेतली आणि माझी आई, जी कधी अंगणातल्या ओल्या मातीत पाय टाकत नसे, बांधाच्या उतारावरून खाली गेली. पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. तिनं काठीनं पुढं ठोकून बघितलं. आणखी एक पाऊल, आणखी एक. मग ती वळली.

"खाली कडक आहे. ये."

मालतीबाईंनी आणि चंदानं मला उतरवलं. पहिलं पाऊल टाकलं. मीठ कुरकुरलं, पाणी बुटात शिरलं, थंडगार. दुसरं टाकलं. रोहित थोडेसे सरकले, पण उडाले नाहीत. आणखी पुढं गेले आणि कुबडीचं टोक रुतलं, मी ती ओढायला गेले आणि सपशेल बसले. पांढऱ्या चिखलात, कमरेपर्यंत. मी आधी आईकडे बघितलं. तिचा हात पदराकडे गेला, अर्ध्यावर थांबला. मग ती मला उठवायला आली, तिचाही पाय सरकला, आणि ती माझ्या शेजारी बसली! थप्प!

आणि मग आई हसायला लागली. मी तिला तसं हसताना कधी बघितलं नव्हतं. दोन्ही हात चिखलात, केसांना मीठ, डोळ्यांतून पाणी. वरून माथुरजी ओरडत होते, "क्या हुआ? कोई बताओ, क्या हुआ?" आणि सांगायला कोणाला दम नव्हता. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. समोर रोहित पाय आपटत चिखल ढवळत होते. त्यांच्यापेक्षा आम्ही फारसं वेगळं काही करत नव्हतो.

पुढं मी शिकले, प्राणिशास्त्रच घेतलं, बाबा निवृत्त होऊन आई-बाबा साताऱ्याला गेले तरी मी नोकरीला इथंच राहिले. हे सगळं पुढच्या काळात सावकाश होत गेलं. पण ठरलं ते त्या दिवशी परतीच्या गाडीत. फुलेरा सोडलं होतं, बाहेर मोहरीच्या शेतांवर संध्याकाळचं ऊन होतं. माथुरजींचा डोळा लागला होता. चंदा माझ्या कॅलिपरच्या पट्ट्यांवर वाळलेलं मीठ नखानं खरवडत होती. आईच्या साडीचा काठ खडखडीत पांढरा झाला होता. बराच वेळ खिडकीबाहेर बघून झाल्यावर ती मालतीबाईंकडे वळली.

"तुमच्या कॉलेजात जिने आहेत का हो?"

"आहेत की. बरेच आहेत."

"कठडा आहे?"

"आहे. मजबूत आहे."

"पडतात का मुली?"

मालतीबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "पडतात कधीमधी," त्या म्हणाल्या. "उठतात."

आईनं मान हलवली. मग मांडीवर डबा घेऊन उघडला आणि उरलेल्या पुऱ्या सगळ्यांना वाटायला घेतल्या. पहिली तिनं माझ्या हातावर ठेवली. "खा," ती म्हणाली. "जुलैत कॉलेज सुरू होतं ना? तोवर अंगात जरा ताकद आण."